नळमावशीचं पाणी

शिलाईच्या कारखान्यात आम्ही तिला नळमावशी म्हणायचो. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ते ठाऊक होतं आणि तिची काही हरकतही नव्हती. तिचं मशीन माझ्या डाव्या हाताला. ती शर्टांना कॉलर जोडायची, मी बाह्या. मधूनच तिचं मशीन थांबायचं, ती कमरेवर हात देऊन उठायची आणि पाण्याचा भला मोठा जग घेऊन रांगेतून फिरायला लागायची.

"प्या गं. घोटभर नाही, ग्लासभर."

कुणी म्हटलं की तहान नाही, तर तिचं उत्तर ठरलेलं. "तहान लागेपर्यंत थांबलीस म्हणजे उशीर झालाच समज."

हे तिनं कुठं वाचलं होतं ते सांगता येणार नाही. दवाखान्यांच्या भिंतींवर असतंच, फोनवर सकाळी फुलांच्या चित्रासोबत येतं. दिवसाला आठ ग्लास, जमलं तर दहा. आणि कुणी संडासाच्या दाराशी भेटली की मावशी भर गर्दीत विचारायची, "रंग कसा होता?" नव्यानंच लागलेली एक मुलगी गोंधळून म्हणाली, "निळा, मावशी." तिला वाटलं, कापडाचं विचारतायत; मावशीला लघवीचा हवा होता. त्या दिवशी हसता हसता माझ्या दोन बाह्या उलट्या लागल्या.

हसायचो आम्ही, पण त्यामागचं कारण माहीत होतं म्हणून कुणी तिचा हात झिडकारत नसे.

तिचा नवरा एका बेकरीत भट्टीवर होता. लांब दांड्याच्या फावड्यानं पाव आत सारायचे आणि बाहेर काढायचे, हे त्याचं काम. एका उन्हाळ्यात, हवा हलायची थांबली होती अशा आठवड्यात, तो भट्टीसमोर कोसळला तो पुन्हा उठलाच नाही. बेकरीचा मालक घरी आला, खुर्चीच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "किती वेळा सांगितलं त्याला, पाणी पीत जा बाबा. ऐकायचाच नाही. आता काय करायचं, सांगा."

मावशी तेव्हा चाळिशीची होती. मूलबाळ नव्हतं. ते एक वाक्य तिच्या मनात जे जाऊन बसलं ते बसलंच. आपण त्याच्या मागे लागलो असतो तर तो वाचला असता, असा तिचा हिशेब. मग ती दिसेल त्याच्या मागे लागली.

कारखान्यात आम्हा तरण्याताठ्या बायकांना त्या पाण्यानं काही झालं नाही. संडास एकच होता, तिथं रांग वाढली आणि सुपरवायझर चिडला, एवढंच. पण पुढं तिची अक्का तिच्याकडे राहायला आली.

अक्का म्हणजे तिची थोरली बहीण. सगळा जन्म एका सिनेमा थिएटरच्या तिकीटखिडकीत गेला. थिएटर बंद पडलं, गुडघे गेले, भाड्याची खोली सोडावी लागली. लग्न केलेलं नव्हतं. अंगानं काडी, खाणं चिमणीचं, आणि जिभेला धार अशी की समोरच्याला कापलं गेल्याचं जरा उशिरा कळावं. मी मावशीच्या मागच्याच गल्लीत राहायचे, येता-जाता डोकवायचे. पहिल्याच भेटीत अक्का मला म्हणाली, "तू ती बाह्यावाली ना? तुलाही पाजते का ही? मला तर कुंडीत लावून ठेवलंय."

मावशीची खोली एकच, लांबट. भिंतीला दोन पलंग, मध्ये जेमतेम माणूस जाईल एवढी जागा, टोकाला ओटा. अक्काच्या उशाशी स्टुलावर पाण्याची बाटली आणि ती केव्हा भरली, केव्हा संपली याच्यावर मावशीचा डोळा.

"अगं, खिडकीत बसायचे तेव्हा मधे उठायची सोय नव्हती," अक्का सांगायची. "तहान लागली की प्यायले, नाही लागली तर नाही. म्हातारी झाले तरी आहे ना जिवंत?"

"तेव्हाचं वेगळं. आता वय झालं. म्हाताऱ्या माणसांना तहान कळत नाही, म्हणतात."

"कोण म्हणतात?"

"सगळेच म्हणतात."

"सगळे म्हणजे कोण? एकाचं तरी नाव सांग."

 मावशी बाटली पुढं करायची.

त्या उन्हाळ्यात अक्काचं ब्लडप्रेशर वाढलं. नाक्यावरच्या डॉक्टरनं एक नवी गोळी लिहून दिली. मान वर न करता म्हणाला, "या गोळीनं लघवी जरा जास्त होईल." आणि दाराशी पोचलेल्या प्रत्येक पेशंटला म्हणायचा तसं म्हणाला, "पाणी भरपूर प्या."

मावशीनं दोन्ही वाक्यं जोडली. गोळी पाणी बाहेर काढते, म्हणजे तेवढं आपण आत घालायला हवं. सकाळी कामावर निघण्याआधी ती दोन मोठ्या बाटल्या भरून ठेवायची, त्या संध्याकाळपर्यंत संपल्याच पाहिजेत. जेवणाच्या सुट्टीत धावत घरी जाऊन बघून यायची. अक्का आधी कुरकुरली, मग भांडली, आणि मग दमून प्यायला लागली. दुसऱ्याच्या घरात राहणारं माणूस किती भांडणार?

थोड्या दिवसांनी अक्काचं डोकं दुखायला लागलं. मावशी म्हणाली, उन्हानं. पाणी वाढवलं. मग मळमळ सुरू झाली, जेवण आणखी कमी झालं. मावशी म्हणाली, पोटात काही नाही, निदान पाणी तरी जाऊ दे. पाय जड झाले, चालताना भिंत धरावी लागायला लागली. अशक्तपणा, म्हणाली मावशी, आणि ग्लास तोंडाला लावला. जे जे होत होतं त्याला तिच्याकडे एकच औषध होतं.

एका संध्याकाळी मी गेले तर अक्का पलंगावर ताठ बसलेली. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाल्कनी संपली. खालची देऊ?"

मला वाटलं गंमत करतेय. मी हसून म्हटलं, "द्या दोन."

"सुटे द्या," ती म्हणाली आणि हात पुढं केला. तिच्या डोळ्यांत गंमत नव्हती. ती माझ्या मागं, माझ्या खांद्यावरून लांबवर, नसलेल्या रांगेकडे बघत होती.

मावशी ओट्याशी उभी होती. "दुपारपासून असंच चाललंय," ती हलक्या आवाजात म्हणाली. "म्हातारचळ लागला गं माझ्या अक्काला." आणि ग्लास भरायला वळली.

दुसऱ्या दिवशी मावशी कामावर असताना अक्का पलंग आणि ओट्याच्या मधे पडली. शेजारणीला आवाज आला. ती धावत गेली तेव्हा अक्काचे हातपाय झटके देत होते, दातखीळ बसली होती. आम्हाला निरोप आला तेव्हा मावशीच्या मशीनच्या सुईखाली अर्धी जोडलेली कॉलर होती. ती तशीच टाकून आम्ही दोघी पळालो.

मोठ्या हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीण होती. डोळ्यांखाली काळं, केस कसेबसे बांधलेले. रक्त तपासून आलं तशी ती स्वतः बाहेर आली आणि तिनं मावशीला बाकावर बसवलं.

"काकू, या दिवसाला पाणी किती पितात?"

मावशीचा चेहरा उजळला.  तिला वाटलं, हा एक प्रश्न तरी आपल्याला येतोय. "भरपूर," ती म्हणाली. "पाण्याची काही हयगय नाही हो. मी स्वतः पाजते." आणि बाटल्यांचं माप हातानं दाखवलं.

डॉक्टरीण तिच्या शेजारी बाकावर टेकली. मग म्हणाली, "त्यांच्या रक्तातलं मीठ फार कमी झालंय. गोळीनं मीठ बाहेर जात होतं, जेवण कमी म्हणून नवीन येत नव्हतं, आणि वरून पाणी पडत होतं. मीठ पातळ होत गेलं. त्यानं मेंदूला सूज येते. डोकेदुखी, मळमळ, बडबड, फिट, सगळं त्याचंच. म्हातारचळ नाही हा."

"पाण्यानं?" मावशी म्हणाली.

"पाणी आणि गोळी, दोन्हींनी."

"पण पाणी भरपूर प्या म्हणून डॉक्टरच म्हणाले. सगळीकडे लिहिलेलं असतं. आठ ग्लास."

"हो. लिहिलेलं असतं." डॉक्टरीणबाईंनी डोळे चोळले. "उन्हात राबणाऱ्याला आठनं काय होणार? मुतखड्याच्या पेशंटला मीच जास्त प्या म्हणते. हृदय थकलेल्याला मोजून देते. आणि घरात बसून राहणाऱ्या, चार घास खाणाऱ्या म्हाताऱ्या बाईला आठ सुद्धा जड होतात. सगळ्यांना एकच माप कसं चालेल? शर्ट तरी चालतो का?"

"मग किती प्यायचं माणसानं?"

"धडधाकट असेल तर तहान लागेल तेवढं."

"एवढंच?"

"एवढंच. आजारी असेल, फार म्हातारं असेल, तर विचारून."

मावशीनं आपले तळवे पदराला पुसले. मग तिनं विचारलं, "वाचेल ना?" डॉक्टरीण म्हणाली, फिट थांबलीय, मीठ हळूहळू वर आणावं लागेल, घाई केली तर तेही वाईट. शिवाय पडल्यानं मांडीचं हाड खुब्याशी मोडलंय.

त्यापुढचे दिवस सगळ्यात वाईट गेले. अक्काला पाणी बंद नव्हतं, पण मोजकं होतं. एवढ्याशा कपातून, ठरलेल्या वेळी. आणि अक्काला आता खरीखुरी तहान लागायला लागली होती. ओठ सुकलेले, जीभ टाळूला चिकटलेली. ती मावशीचा पदर धरून म्हणायची, "घोटभर दे गं."

"नाही देता येत, अक्का."

"तेव्हा नको नको म्हणत होते तर नरड्यात ओतत होतीस. आता मागतेय तर नाही म्हणतेस. माझ्यावर कसला सूड उगवतेस?"

मावशी ओला कापसाचा बोळा तिच्या ओठांवरून फिरवायची. अक्का तो बोळा चोखायला बघायची, मावशी तो काढून घ्यायची. शेजारच्या खाटेवरच्या बाईचा मुलगा कळवळून म्हणाला, "द्या हो थोडं, तहानलेल्याला पाणी नाही म्हणतात का?" मावशीनं त्याच्याकडे असं बघितलं की तो उठून बाहेरच गेला. मी एकदा पॅसेजमध्ये तिला भिंतीला डोकं टेकून उभं राहिलेलं पाहिलं. रडत नव्हती. नुसती उभी होती.

अक्काचं डोकं हळूहळू ताळ्यावर आलं. खुब्याचं ऑपरेशनही झालं. पण पाय काही तिचा राहिला नाही.

अक्का हॉस्पिटलात असतानाच मावशीच्या मनानं दुसरं घेतलं: नवरा नेमका कशानं गेला. एक दिवस मला म्हणाली, "चल माझ्याबरोबर. एकटीनं जायचा धीर होत नाही."

तिच्या नवऱ्यासोबत बेकरीत कणिक मळायला एक माणूस होता. बेकरी केव्हाच बंद झाली होती, मालक वारला होता. हा माणूस आता एका इमारतीचा वॉचमन होता. आम्हाला बघून तो खुर्चीवरून उठला, वहिनी म्हणून हात जोडले, स्टूल पुसून दिलं.

मावशी इकडचं तिकडचं काही बोलली नाही. "भाऊजी, एकच विचारायला आलेय. ते त्या दिवशी पाणी प्यायले होते का?"

तो माणूस गेटकडे बघायला लागला. गेटात कुणी नव्हतं.

"खरं सांगा. आता कुणाचं काय बिघडणार आहे?"

"प्यायला होता," तो म्हणाला. "सकाळपासून सारखा पीत होता, वहिनी. कॅन जवळजवळ त्यानंच संपवला. शेवटी शेवटी तर प्यालेलं ओकत होता. मीच त्याच्या डोक्यावर ओतलं थोडं."

"मग?"

"पंखा बंद होता ना. धूर ओढणारा, मोठा. मोटर जळून महिना झाला होता, मालक आज बघू उद्या बघू करत होता. मागचा दरवाजा उंदरांमुळे खिळे मारून बंद केलेला. भट्टीसमोर उभं राहवत नव्हतं. तो म्हणाला, मला जरा बाहेर बसू द्या. मालक म्हणाला, एवढा घाणा काढ, मग बस." त्यानं आपला तळवा पुढं केला. "अंगाला हात लावला तर चटका बसत होता, वहिनी. पाण्यानं काय होणार होतं त्याला?"

"मालक म्हणाले, पाणी पीत नव्हते म्हणून."

"आम्हाला सगळ्यांना तसंच सांगायला सांगितलं होतं. पोलीस विचारायला आले तर, तुम्ही विचारलंत तर. माझी पोरं लहान होती तेव्हा."

मावशी उठली. मला वाटलं, ती त्याला दोन शब्द सुनावेल. तिनं त्याच्या पोरांची चौकशी केली. एक परगावी असतो, तो म्हणाला, दुसरा फोन करत नाही. "असू द्या," मावशी म्हणाली, आणि आम्ही निघालो. रस्त्यात ती मला एवढंच म्हणाली, "इतकी वर्षं मी त्यांच्यावर रागावून होते गं. एवढं साधं पाणी पिता येत नव्हतं का, म्हणून. मनातल्या मनात किती बोलले असेन मी त्यांना."

कारखान्यात ती परत आली तेव्हा जग घेऊन उठली नाही. पहिल्या दिवशी आम्ही वाट बघितली, मग आपापलं उठून प्यायला लागलो. कुणाला हसायचं सुचत नव्हतं.

पुढचा उन्हाळा कडक होता. वर पत्रा, आणि खिडक्या सगळ्या बंद, कारण धुळीनं पांढरं कापड डागाळतं. इस्त्रीच्या टेबलापाशी तर उभं राहवत नसे. एका दुपारी इस्त्रीवाली पोर चक्कर येऊन खाली बसली. कारखान्याचा मालक केबिनमधून आला आणि म्हणाला, "पाणी पीत नाही तुम्ही लोक. सांगून सांगून थकलो."

माझ्या डाव्या हाताचं मशीन थांबलं.

"ती प्यालीय," मावशी म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "आम्ही सगळ्याच पितो. पाण्याचं राहू द्या. आधी खिडक्या उघडा."

"कापड खराब झालं तर तू भरून देणार?"

"कापड धुता येतं, मालक."

सगळी मशिनं थांबली होती. मालकानं इकडे तिकडे बघितलं. मग सुपरवायझरला म्हणाला, "तेवढी इस्त्रीजवळची एक उघड." एक खिडकी उघडली. बाकीच्या तशाच राहिल्या. पुढच्या आठवड्यात मावशीला कॉलरवरून काढून मागं बटणं निवडायला बसवलं. मजुरी निम्म्यावर आली. तिनं वाद घातला नाही. म्हणाली, "बरं झालं, लवकर सुटते. अक्का एकटी असते."

अक्का पलंगावरच होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून तिला कुशीवर वळवायला लागायचं. मी कधी कधी मदतीला जायचे. जीभ तिची तेवढी शाबूत होती. "सावकाश," म्हणायची, "नारळाचं पोतं नाही मी." पण त्या सगळ्याबद्दल दोघी बहिणी बोलत नव्हत्या. मावशी विचारायची, "तहान लागलीय?" अक्का हो म्हणाली तर द्यायची, नाही म्हणाली तर तिथंच विषय संपला.

एकदाच बोलणं निघालं, माझ्यासमोर. मावशी तिचे पाय पुसत होती. पुसता पुसता म्हणाली, "अक्का, मी मारलं असतं गं तुला."

अक्का छताकडे बघत होती. "मारलं असतंस नाही. अर्धं मारलंसच."

मावशीचा हात थांबला.

"मी सांगत होते ना तुला, मला नकोय म्हणून. रोज सांगत होते. भिंतीवरचं खरं, फोनवरचं खरं, तो मान वर न करणारा डॉक्टर खरा. समोर बसलेली बहीण तेवढी खोटी." तिला धाप लागली. जरा थांबून म्हणाली, "पुस, पुस. पाणी गार होतंय."

मावशीनं पाय पुसून पूर्ण केले. बोटांच्या मधलंही नीट कोरडं केलं. तिच्यात आणि अक्कात माफीची भाषा त्यापुढं कधी झाली नाही. पण त्यानंतर अक्का तिच्या हातानं जेवायला लागली, आधी मी असले तर माझ्या हातानं, नाहीतर स्वतःच सांडत-लवंडत जेवायची.

थंडी पडली तशी अक्काची छाती भरली. निजून असणाऱ्यांना होतंच ते, त्याच डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मावशीच्या खांद्यावर हात ठेवला. अक्का हॉस्पिटलात राहायला तयार नव्हती, घरी ने म्हणाली. या वेळी मावशीनं तिचं ऐकलं. पहाटे केव्हातरी, मावशी शेजारच्या पलंगावर जागी असताना, अक्का गेली.

दोन-तीन दिवसांनी मावशी कामावर आली. मागं बटणांच्या टोपल्यांपाशी बसली, पांढरी एकीकडे, फुटकी एकीकडे करत राहिली. दुपारी मी तिच्याजवळ डबा घेऊन गेले. डोळे लाल होते. मी म्हटलं, "मावशी, झोपला नाहीत वाटतं."

"कशी झोपू?" ती म्हणाली. "अक्का फार घोरायची. सवय झाली होती गं त्या आवाजाची."

मग तिनं माझ्या डब्यातला एक घास घेतला आणि पुन्हा बटणं निवडायला लागली.